भिंतीपलीकडची प्रार्थना

८ सप्टेंबर, रविवार

घडलं ते असं:

१. अलीकडच्या सभागृहात सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मूक प्रार्थना सुरू झाली. ती पाच मिनिटांची असते.

२. माझे वडील, अण्णा, पहिल्या रांगेत, मधल्या भिंतीला लागून असलेल्या खुर्चीत बसले होते. दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं.

३. डोळे मिटण्याआधी त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही यंत्रांची कळ ‘टी’वर सरकवली. ती जागा खरं तर टेलिफोनसाठी असते. तिथे यंत्राचा माइक बंद होतो. खोकले, पंखे, खुर्च्यांचे पाय, काही ऐकू येत नाही. ही युक्ती मीच त्यांना शिकवली. ते तिला ‘माझी कोठडी’ म्हणतात, बायबलमधली, दार लावून प्रार्थना करायची.

४. चौथ्या मिनिटाला अण्णा मोठ्याने ‘आमेन’ म्हणाले.

५. मग उभे राहिले. रडत होते. म्हणाले, “माझं नाव घेऊन कोणीतरी माझ्यासाठी मागत होतं. बाहेर नाही, कानाच्या आत. ज्या नावाने मला आता कोणी हाक मारत नाही, त्या नावाने.”

६. पाळकांनी विचारलं, कोण? अण्णा म्हणाले, “आत्मा. माझ्यासाठी दुसरं कोण मागेल?”

७. सगळी मंडळी गुडघ्यांवर आली.

८. मी तिथे नव्हते. हे आत्याने सांगितलं. ती दुसऱ्या रांगेत होती.

९. मधल्या भिंतीच्या पलीकडे काकांची मंडळी, म्हणजे त्यांचं वेगळं चर्च, जमते. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तिथल्या जमिनीत तार टाकायचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. ती तार मी परवा, शुक्रवारी टाकली.

आठव्या मुद्द्यापर्यंत हात भराभर चालला. नवव्यानंतर पेन खाली ठेवलं.

तार खोलीच्या कडेने फिरवतात. माइकमधला आवाज तारेत जातो, तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ‘टी’वर ठेवलेलं यंत्र ते पकडतं आणि थेट कानात बोलतं. ते क्षेत्र भिंतीपाशी थांबत नाही. विटेला ते दिसतच नाही.

म्हणजे मला माहीत आहे कोण होतं. सबंध गावात फक्त मला.

जेवताना अण्णा शांत होते. चेहरा असा—कसा ते लिहिता येत नाही. धुतल्यासारखा.

९ सप्टेंबर, सोमवार

साहेबांना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी कामाची फाइल उघडली. ‘शेजारील खोली’ या रकान्यात, जिथे भिंतीपलीकडे होणारी गळती मोजून लिहायची असते, मी आडवी रेघ मारलेली.

“तू? तू मोजली नाहीस?”

“नाही.”

“कुलूप होतं का?”

“नव्हतं.”

चष्मा काढून पुसत बसले. पुढे विचारलं नाही. कामाला लागून सहा वर्षं झाली, माझ्या फाइलीत रेघ पहिलीच. ठरलं असं: बुधवारी नीट मोजायचं, मोजून झालं की दुरुस्तीपर्यंत ती तार बंद. काकांच्या कमिटीला तसं पत्र गेलं.

का मोजली नाही हे इथेच लिहिते. आईची शवपेटी त्या अलीकडच्या खोलीत ठेवली होती. त्यानंतर अकरा वर्षं मी त्या दाराच्या आत गेलेले नाही. दर रविवारी अण्णांना फाटकापर्यंत सोडते आणि परत फिरते. शुक्रवारी मापक हातात घेऊन दारापर्यंत गेले होते. आत डोकावले, मग रेघ मारली.

एवढं साधं कारण. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर हसतील किंवा जवळ घेतील. दोन्ही नको.

१० सप्टेंबर, मंगळवार

अण्णा दाढी करताना गुणगुणत होते. सूर चुकत होता—त्यांना तो ऐकू येत नाही. मी दाराआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.

११ सप्टेंबर, बुधवार

दोन्ही सभागृहांच्या किल्ल्या एकाच माणसाकडे असतात. सगळे त्यांना किल्लीवाले मामा म्हणतात. त्यांनी अलीकडचं दार उघडलं आणि म्हणाले, कुलपं दोन्हीकडची एकाच कारखान्यातली आहेत, फक्त दात वेगळे. हा विनोद ते बहुतेक सगळ्यांना ऐकवत असावेत.

आत पाऊल टाकताना मी मापकाच्या काट्याकडे बघत होते. दुसरीकडे बघायचं नव्हतं.

दर अर्ध्या मीटरवर मोजलं. मागच्या रांगांत काही नाही. तिसऱ्या रांगेत काटा जेमतेम हलतो. पहिल्या रांगेत, भिंतीकडच्या कोपऱ्यात, शब्द न् शब्द कळेल इतकं. एकशे चाळीस खुर्च्या. त्यातल्या चार खुर्च्यांत आवाज स्वच्छ येतो. तीन जणांचे कान चांगले आहेत. चौथी अण्णांची.

आकडे लिहून झाले. खात्री करायला कानाला लावायचा रिसीव्हर घातला आणि अण्णांच्या खुर्चीत बसले. तेवढ्यात पलीकडे बुधवारची दुपारची प्रार्थना सुरू झाली. पाच-सहा म्हाताऱ्या बायका आणि काका.

काकांचा आवाज अकरा वर्षांनी ऐकला. तारेतून येताना त्यातला जाडपणा जातो, वरचा बारीक भाग तेवढा राहतो. अण्णांना ओळखू आला नाही यात नवल नाही. मला आला.

सुरुवात नेहमीची—आजारी माणसं, परीक्षा देणारी मुलं, कोणाची तरी नोकरी. मग ते नाव आलं. अण्णांचं लहानपणीचं. मी ते आत्याच्या तोंडून एकदाच ऐकलंय.

“पित्या, त्याचे कान चाललेत. आमचं कोणाचं ऐकू नाही आलं तरी चालेल, तुझं ऐकू येऊ दे. माझ्यावर राग असेल तर असू दे. तुझ्यावर नसावा.”

बायका आमेन म्हणाल्या. सवयीने, एका दमात. म्हणजे हे त्यांनी खूपदा ऐकलेलं आहे.

मग माझं नाव आलं. माझ्यासाठी काय मागितलं ते इथे लिहीत नाही.

मोजून झालं होतं. लगेच पलीकडे जाऊन तार बंद करायची होती. मी गेले नाही. संपेपर्यंत बसून राहिले. अंगावर काटा आला होता. नोंद म्हणून लिहिते, खोलीचं तापमान सत्तावीस होतं.

एका गोष्टीचा विचार मला दिवसभर सोडत नाही. काका आपल्यासाठी प्रार्थना करत असतील हे अण्णांच्या मनात येऊच शकलं नाही. त्यापेक्षा खुद्द देवाचा आत्मा कानात येऊन बोलला, हे त्यांना सोपं वाटलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आत्या आली होती. ती अण्णा आणि काका या दोघा भावांच्या मधली. मंडळी फुटली तेव्हापासून एक रविवार अलीकडे, एक रविवार पलीकडे. दोन्हीकडचे लोक तिला नावं ठेवतात. ती म्हणते, मी आईबापाच्या पोटी जन्मले, कमिटीच्या नाही.

तिला विचारलं, पलीकडे त्या नावाने प्रार्थना होते हे तुला माहीत होतं?

“दर आठवड्याला. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं तो कोणी आजारी पोरगा आहे. किती वर्षं झाली, बरा कसा होत नाही म्हणतात.”

मग अण्णांना कधी सांगितलं का नाहीस?

“विषय काढला की तुझा बाप यंत्र काढून डबीत ठेवतो.”

हे खरं आहे. मी पाहिलंय.

मी कोणाकडेच काही मागत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून तिला बिनधास्त विचारता येतं. विचारलं, आत्या, तू कोणाला प्रार्थना करतेस? म्हणाली, जो आधी उचलेल त्याला.

मी हसले नाही. नंतर भांडी विसळताना हसले.

भांडण कशाचं ते सरळ लिहून बघते.

अण्णा मानतात: देव एक, व्यक्ती तीन—पिता, पुत्र, पवित्र आत्मा. कोणालाही हाक मारली तरी ती एकाच देवाला पोचते. ते स्वतः संकटात येशूला हाक मारतात. म्हणतात, जो माझ्यासाठी मेला त्याच्याशी बोलायला मला कोणाची परवानगी नको.

काका मानतात: देव एक, तो पिता. येशू त्याचा पुत्र, आपला प्रभू, आपला मध्यस्थ, पण पिता आणि तो एक नव्हेत. त्याने स्वतः गुडघे टेकून पित्याकडे मागितलं, ते काय स्वतःकडेच? म्हणून मागायचं पित्याकडे, पुत्राच्या नावाने. आणि आत्मा म्हणजे देवाचं सामर्थ्य, त्याचा श्वास. वेगळी व्यक्ती नव्हे.

सतरा वर्षांपूर्वी काका हे उघड बोलले आणि एकोणीस घरं त्यांच्याबरोबर गेली. इमारत दोघांच्या वडिलांनी मंडळीला दिलेली. ती विकता येईना, सोडवेना. मधे भिंत घातली. तरी दोघे बोलत होते तेव्हा. रस्त्यात भेटले तर एकमेकांच्या हातातली पिशवी घेत.

मग आई आजारी पडली. शेवटच्या आठवड्यात काका दवाखान्यात आले. अण्णा खाटेच्या उजव्या बाजूला, “प्रभू येशू, हिला वाचव.” काका डाव्या बाजूला, “पित्या, हिला वाचव.” आधी एकामागून एक, मग एकाच वेळी, मग आवाज चढले. नर्सने दोघांना बाहेर काढलं. वऱ्हांड्यात अण्णा म्हणाले, “तू त्याला देव मानत नाहीस, तुझी प्रार्थना हिच्या अंगावर नको.” आईला हे सगळं ऐकू आलं. खाटेशी मी होते. मी सतरा वर्षांची होते. तिने माझा हात धरून डोळे मिटले आणि पुन्हा काही मागितलं नाही.

तेव्हापासून मीही नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

अण्णांची साक्ष, म्हणजे तो अनुभव सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं, येत्या बावीस तारखेला, वार्षिक सभेत. पाळकांनी पत्रक लिहिलंय. अण्णांनी मला तपासायला दिलं: “तुझी नजर बारीक आहे.”

पत्रकात आहे: आत्मा ही व्यक्ती नाही असं भिंतीपलीकडचे बंधू शिकवतात. त्याच आत्म्याने आमच्या वडीलजनांचं नाव घेऊन त्यांना उत्तर दिलं आहे. तीनशे प्रती. पलीकडच्या दारातही वाटणार.

म्हणजे काकांची प्रार्थना काकांच्याच तोंडावर मारणार. आणि अण्णा ते मनापासून करणार. उद्या कोणाला तार सापडली तर सगळं गाव अण्णांना हसेल.

शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त करून कागद परत दिला. पुढे जीभ रेटली नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

काकांकडे गेले. तार त्यांच्या मंडळीची, दोष त्यांना आधी कळवणं नियमात बसतं. मी नियमाच्या आडोशाने गेले हे त्यांनाही कळलं असणार.

काका भूमितीचे मास्तर होते. टेबलावर अजून कंपासपेटी. दार उघडून म्हणाले, “ये मोजपट्टी.” लहानपणी मी सगळं मोजायची म्हणून हे नाव. आता कोणी म्हणत नाही. मग लक्षात आलं, जुन्या नावांना हा माणूस असाच चिकटून राहतो.

अहवाल वाचून दाखवला. तार, क्षेत्र, चार खुर्च्या, अण्णांची कळ. ते ऐकत होते. मध्येच पेन्सिल खाली ठेवली.

“त्याने आमेन म्हटलं?”

“हो.”

“मोठ्याने?”

“दुसऱ्या रांगेत आत्याला ऐकू आलं.”

“कुठल्या शब्दावर?”

मला माहीत नव्हतं. मला माहीत नसलेला आकडा कोणी विचारावा आणि मला वाईट वाटावं, असं याआधी झालं नाही. काका उठून खिडकीपाशी गेले. पाठ माझ्याकडे. 

मग मी पत्रकाचं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, “वाटू देत पत्रकं. तू त्याला सांगू नकोस.”

मी म्हटलं, ते तुमच्या विरुद्ध वापरणार आहेत. तुम्हीच मागितलेलं, तुम्हालाच खोटं पाडायला.

“अकरा वर्षं मागतोय की त्याला ऐकू येऊ दे. आलं. आता ते कोणाच्या खात्यावर लिहायचं यावर मी भांडू?”

 या घरात, या दोन भावांत, मी आजवर फक्त भांडण पाहिलं होतं. त्याच्या खाली हे इतकं खोल काही आहे हे मला ठाऊक नव्हतं. विहिरीत दगड टाकावा आणि आवाज यायला फार वेळ लागावा, तसं झालं.

निघताना म्हणाले, “पण तू मोजलंयस. मोजलेलं लपवायला तुला जमत नाही, हेही मला ठाऊक आहे. तुझं तू ठरव.”

१५ सप्टेंबर, रविवार

तार बंद. अण्णा घरी आले, चपला काढल्या, तिथेच बाकावर बसले.

“आज काही आलं नाही.”

मी पाणी दिलं.

“मी वाट बघत होतो. पाच मिनिटं पुरी. नुसती शांतता.” मग, माझ्याकडे न बघता: “माझं काही चुकलंय का गं?”

दुपारी जेवले नाहीत. एका वहीत काहीतरी लिहीत होते. संध्याकाळी ती उघडीच राहिली होती. आपल्या पापांची यादी. सहावा मुद्दा: ‘मिळालेलं दान काठीसारखं उगारलं. भावावर.’

मी तार बंद केली आणि हा माणूस स्वतःला तपासत बसलाय. आता गप्प राहणं म्हणजे दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी.

१६ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं.

अण्णांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. यंत्राचं काही सांगायचं तर ते उघडून दाखवावं लागतं. मी तारेचा तुकडा नेला, मापक नेलं, खोलीचा नकाशा नेला. त्यांची खुर्ची लाल पेन्सिलने. हळू, समोर बसून, ओठ दिसतील असं बोलले. त्यांनी नकाशा डोळ्यांजवळ धरला, जुनं भिंग काढलं, प्रत्येक आकडा वाचला. एका ठिकाणी मी पाचाचा आठ वाटेल असा काढला होता. तो दुरुस्त करायला लावला.

शेवटी मी म्हटलं, तो आवाज काकांचा होता.

भिंग खाली ठेवलं. मला वाटलं आता यंत्रं काढतील, डबीत ठेवतील. हात कानाकडे गेलाही. मग तसाच खाली आला.

“त्याला ते नाव आठवतं?”

“दर आठवड्याला घेतात. अकरा वर्षं.”

अण्णा तारेचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. किती वेळ ते मोजलं नाही. मी घाबरले होते—हा माणूस आता रिकामा होईल. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी तारेचा एक तुकडा दाखवून काढून घेतली होती.

अण्णा म्हणाले, “तार तुझी. आवाज त्याचा. कबूल.” मग बोट टेबलावर टेकवून, घड्याळाचा दोष सापडल्यावर टेकवायचे तसं: “पण माझ्यासारख्या माणसासाठी अकरा वर्षं मागत राहायचं, हे त्याच्या एकट्याच्या जिवावर होत नाही. त्याच्या आत कोण मागत होतं, ते त्याला नसेल ठाऊक. मला आहे.”

काही कमी झालं नव्हतं. उलट वाढलं होतं. आधी एक आवाज होता. आता आवाज, भाऊ, आणि भावाच्या आत अजून कोणी.

मी इथे काही सिद्ध करत नाही. काकांना हे कळलं तर म्हणतील, पित्याने दिलेलं बळ, व्यक्ती कशाला हवी? दोघांच्या हातात तोच नकाशा, तेच आकडे. तरी मला पहिल्यांदाच वाटलं की हे दोघे एकाच गोष्टीकडे बघत आहेत आणि ती दोघांपेक्षाही मोठी आहे. माझ्या मापकाची पट्टी तिथपर्यंत जात नाही. असं मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अण्णांनी साक्ष रद्द केली. पाळक म्हणाले, पत्रकं छापून झाली आहेत. अण्णा म्हणाले, मागची बाजू कोरी आहे, गाण्यांसाठी वापरा. पाळक खूश नाहीत.

मग मला म्हणाले, काकाला निरोप दे. चिठ्ठी नको, तू सांग, तू शब्द बदलत नाहीस. निरोप असा:

“रविवारी दहाला अलीकडे ये. माझ्या शेजारी बस. मी तुझ्यासाठी प्रार्थना करणार, येशूकडे. तुला पटणार नाही. पण तू अकरा वर्षं माझ्यामागे मागितलंस, मी एकदा तुझ्यादेखत मागणार.”

१८ सप्टेंबर, बुधवार

काकांना निरोप शब्दाला शब्द दिला. खुर्चीचे हात धरून बसले.

म्हणाले, तिथे पुत्राकडे मागितलं जाईल आणि मी बाजूला बसलेला असेन. आमेन म्हटलं तर सतरा वर्षं जे शिकवलं ते खोटं. नाही म्हटलं तर त्याच्या प्रार्थनेला, सगळ्यांसमोर, मी नकार दिला. पुन्हा एकदा वऱ्हांडा.

मी म्हटलं, न म्हणता बसता येतं. मी अकरा वर्षं सगळीकडे तशीच बसते.

काका माझ्याकडे बघत राहिले. “तुला वाटतं ते सोपं आहे?”

नाही, म्हटलं.

त्यांच्या मंडळीतली एकोणीस घरं त्यांच्या शब्दावर बाहेर पडली. त्यांतले काही जण काका अलीकडच्या दारातून आत जाताना पाहतील. ते काय समजतील हे काकांना मोजता येत नाही. “बघतो” म्हणाले. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही.

अण्णांना तेवढंच सांगितलं. म्हणाले, “तो आधीपासूनच असा. भूमितीचं उत्तर काढून झालं तरी दुसऱ्या रीतीने ताळा करायचा.”

२० सप्टेंबर, शुक्रवार

काकांकडून काही नाही. अण्णांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला.

२१ सप्टेंबर, शनिवार

दुरुस्ती पूर्ण. आता एका तारेऐवजी दोन, एकमेकींत गुंफलेल्या. बाहेर जाणारं क्षेत्र त्या एकमेकींचं खोडून काढतात. पलीकडच्या म्हाताऱ्या बायकांना आत पहिल्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतं. एकीने माझा गालगुच्चा घेतला.

आत्या सकाळी म्हणाली होती, थोडीशी गळती राहू दे ना, कोणाला कळणार आहे? मला कळणार आहे. आणि अण्णांना आता ते चोरून ऐकायचं नाही, हे त्यांनीच सांगितलंय.

मग अलीकडे गेले. मापकाकडे न बघता आत शिरले. खोली लहान आहे. माझ्या आठवणीत फार मोठी होती. खिडकीखाली जिथे पेटी होती तिथे आता खुर्च्या रचून ठेवल्यात. थोडी उभी राहिले. पहिल्या रांगेत मोजलं: शून्य. दुसऱ्यांदा मोजलं: शून्य. ‘शेजारील खोली’च्या रकान्यात आकडा लिहिला, खाली सही केली.

अण्णा बरोबर आले होते. त्यांनी कळ ‘टी’वर सरकवली, मिनिटभर बसले, मान हलवली. “काही नाही.” मग हाताने शेजारची खुर्ची जराशी ओढून सरळ केली.

आता भिंतीतून काही येणार नाही. यायचं तर दारातून.

२१ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळ

हे कोणाला उद्देशून आहे ते ठरलेलं नाही. अण्णा एक सांगतात, काका दुसरं, आणि ठरेपर्यंत थांबायला वेळ नाही. ज्याने त्या दोघांचं ऐकलं त्याला.

मागणं एकच आहे. उद्या अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत काका असावेत. आमेन म्हणोत किंवा न म्हणोत. त्यांच्या पलीकडच्या खुर्चीत मी बसेन.

सवय नाही, त्यामुळे मांडणीत चूक असेल तर सांभाळून घ्यावं.

उत्तर उद्या, रविवारी, सकाळी दहापर्यंत मिळावं, ही विनंती.